तमाशातील कथा आणि खेळ : कामठी परिसराच्या संदर्भात एक विचार

१

मराठीत ‘खेळ’ हा शब्द मोठ्या व्याप्तीचा आहे. सोंगट्यांचा खेळ, बाहुल्यांचा खेळ, नाटकाचा खेळ आणि तमाशाचा खेळ, या सर्वांना आपण एकच शब्द लावतो. प्रयोग या संस्कृत शब्दाने जो अर्थ व्यक्त होतो तो सामान्य माणूस ‘खेळ’ या शब्दाने सांगतो, आणि त्यात पाहणाऱ्याचा सहभागही गृहीत धरतो. या शब्दप्रयोगामुळे एका जुन्या वादाचा विचार मराठीत अधिक सोयीने करता येतो. वाद असा की, केवळ प्रौढांसाठी असलेल्या, शृंगार हा ज्याचा उघड विषय आहे अशा करमणुकीत कथेला महत्त्व अधिक की प्रत्यक्ष खेळाला?

आज हा प्रश्न मुख्यतः संगणकावरील खेळांविषयी विचारला जातो. परंतु महाराष्ट्राला तो नवा नाही. तमाशाविषयी तो शंभर वर्षांहून अधिक काळ कधी रसिकांनी, कधी सुधारकांनी, तर कधी सरकारने विचारलेला आहे. त्याचे जे उत्तर त्या त्या काळी दिले गेले, त्यावर अनेक माणसांचा चरितार्थ आणि अब्रू अवलंबून राहिली. म्हणून हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न मानून सोडून देता येत नाही. प्रस्तुत लेखात तमाशाच्या इतिहासातील काही निश्चित टप्पे घेऊन या प्रश्नाची तपासणी करावयाची आहे, आणि त्या तपासणीत कामठीसारख्या छावणीच्या गावाचा विचार कोणत्या दृष्टीने उपयुक्त ठरतो हे दाखवावयाचे आहे.

२

प्रथम तमाशाच्या घडणीकडे पाहावे. परंपरेने तमाशाचे भाग ठरलेले आहेत. आरंभी गण, त्यानंतर गवळण, मग बतावणी व रंगबाजी, आणि शेवटी वग. गणात गणेशाचे स्तवन असते. गवळणीत कृष्ण व त्याचे सवंगडी मथुरेच्या बाजारास निघालेल्या गौळणींची वाट अडवितात. त्यांच्याबरोबर असलेली ‘मावशी’ हे पुरुषाने करावयाचे सोंग असून सारा विनोद द्व्यर्थी बोलण्यावर चालतो. बतावणीत सोंगाड्याला मोकळे रान मिळते. रंगबाजीत लावण्या होतात. वगात मात्र एक सलग कथा असते. राजा, राणी, प्रधान, कोतवाल, अशा पात्रांची गोष्ट पहाटेपर्यंत चालते.

या भागांपैकी कथा म्हणावी असा भाग एकच, तो म्हणजे वग. बाकीच्या भागांत प्रसंग आहे, परंतु कथानक नाही. गवळणीतील अडवणूक प्रत्येक रात्री तीच असते, आणि तिचा शेवटही प्रेक्षकांना ठाऊक असतो. तेथे पाहावयाचे असते ते उत्तराला दिलेले प्रत्युत्तर, वेळेवर सुचलेला शब्द, ढोलकीच्या बोलाला दिलेला पायाचा जबाब. याच अर्थाने या भागांना आपण ‘खेळ’ म्हणू. यात नियम आहेत, डाव आहेत, आणि डाव जिंकल्याचा आनंदही आहे.

आता कालक्रम पाहू. शृंगारिक लावणीचा बहराचा काळ म्हणजे उत्तर पेशवाई. रामजोशी, अनंत फंदी, परशराम, होनाजी बाळा, सगनभाऊ आणि प्रभाकर हे शाहीर त्या काळचे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबाराचा आश्रय यांतील काहींना होता. या काळात फड होते, नाच्या पोऱ्या होता, सवाल-जवाब होते. ज्याला आज आपण वग म्हणतो तो नव्हता. ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग उमाजी बाबाजी सावळजकर यांनी १८६५ मध्ये रचला असे मानले जाते. उमा-बाबू या नावाने ओळखला जाणारा हा फड आजच्या सांगली जिल्ह्यातील सावळजचा. म्हणजे खेळ आधी आणि कथा मागाहून, हा क्रम ऐतिहासिक दृष्ट्या स्पष्ट आहे.

या क्रमावरून कोणी असे अनुमान काढील की, खेळ हा तमाशाचा गाभा असून कथा ही वरून घातलेली झूल आहे. हे अनुमान घाईचे होईल. खेळ स्वयंपूर्ण होता, तर कथेची गरज का निर्माण झाली, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. ते उत्तर शोधण्यासाठी फडाच्या अर्थव्यवहाराकडे वळले पाहिजे.

३

पेशवाईत शाहिराचा मोबदला आश्रयदात्याकडून येई. आश्रयदाता रसिक असे, लावणीच्या एकेका चरणाची वाखाणणी करी, आणि बिदागी त्या वाखाणणीला धरून मिळे. १८१८ नंतर हा आश्रय आटला. फड जत्रा-यात्रांकडे वळले, आणि पुढे तिकीट लावून खेळ करू लागले. आता मोबदला देणारा एक जाणता रसिक नव्हता. हजारो माणसांचा जमाव होता, आणि तो रात्र काढण्यासाठी आलेला होता. एक रात्र भरून काढण्यास लावण्यांची माळ पुरत नाही. पुढे काय झाले ही उत्कंठाच जमावाला पहाटेपर्यंत जागेवर बसवू शकते. वग तमाशात आला आणि टिकला, याचे मोठे कारण येथे सापडते.

या मुद्द्याला पुष्टी देणारी गोष्ट म्हणजे तमाशाचे आजवर चालत आलेले दोन प्रकार. एक ढोलकी-फडाचा तमाशा, दुसरा संगीत बारी. ढोलकी-फडाजवळ तंबू असतो, तो गावोगाव फिरतो, त्याची ‘सुपारी’ ठरते, आणि त्याच्या खेळात वग असतो. पुणे जिल्ह्यातील नारायणगावी गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तेथे येऊन यात्रेची सुपारी देतात, हे सर्वश्रुत आहे. संगीत बारी मात्र थिएटरात बसते. तेथे वग नाही. लावणी आणि अदा एवढाच तिचा व्यवहार. तेथे प्रेक्षक एखाद्या गाण्याची फर्माईश करतो, ते पुन्हा म्हणावयास लावतो आणि त्यासाठी दौलतजादा करतो.

दोहोंत शृंगार आहे, दोहोंचा प्रेक्षक प्रौढ पुरुष आहे. तरीही एकीकडे कथा आहे आणि दुसरीकडे नाही. भेद आहे तो मोबदल्याच्या एककाचा. जेथे पैसा रात्रीचा मिळतो तेथे कथा वाढते. जेथे पैसा गाण्याचा मिळतो तेथे खेळ वाढतो. आमच्या मते, कथा श्रेष्ठ की खेळ श्रेष्ठ या वादाचा निम्मा भाग या एका निरीक्षणाने निकालात निघतो. कारण जे श्रेष्ठत्व आपण कलेच्या स्वभावात शोधतो, ते बऱ्याच वेळा मोबदल्याच्या पद्धतीत असते.

४

आता कामठीकडे येऊ. १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, अप्पासाहेब भोसल्यांची सत्ता संपुष्टात आली आणि १८२१ मध्ये इंग्रजांनी नागपूरच्या ईशान्येस सुमारे पंधरा किलोमीटरवर, पेंच व कोलार या नद्या कन्हानला मिळतात त्या संगमाच्या खालच्या बाजूस, छावणी वसविली. तेथील फौज दीर्घकाळ मद्रासच्या लष्करातील होती. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. छावणीभोवती मोठी बाजारपेठ उभी राहिली. रेल्वे आल्यावर व्यापार नागपूरकडे वळला, फौजही कमी करण्यात आली, आणि १९०१ च्या खानेसुमारीत कामठीची लोकसंख्या ३८,८८८ इतकी भरली. १८८१ पासून ती सतत घटत आली होती.

छावणीच्या गावाचे वैशिष्ट्य असे की, तेथील प्रेक्षक एकभाषी नसतो. कामठीत मराठीच्या जोडीने हिंदी, उर्दू, तेलुगू व तमिळ या भाषा कानावर पडत. अशा ठिकाणी कथेला अडचण होते. वगातील प्रधानाचे कपट समजण्यास भाषा यावी लागते. ढोलकीचा बोल, सोंगाड्याची हालचाल, नाच्याचा मुरका समजण्यास ती यावी लागत नाही. त्यामुळे बहुभाषी बाजारपेठेत खेळाचे पारडे जड होणे स्वाभाविक आहे, असे तर्काने म्हणता येते.

दुसरा मुद्दा अधिक कठोर आहे. छावण्यांतून सरकारने शृंगाराच्या व्यवसायाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले? १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा संसर्गजन्य रोग कायदा यांखाली हिंदुस्थानातील छावण्यांतून स्त्रियांची नोंदणी व वैद्यकीय तपासणी होत असे. १८६८ चा कायदा १८८८ मध्ये रद्द झाला. या व्यवस्थेत गाणे, नाच, कथा या कशाचाच विचार नव्हता. स्त्री ही केवळ शरीर म्हणून नोंदवहीत येत होती. जिचा खेळ कथेच्या चौकटीत बसत नाही तिच्याकडे राज्यसंस्था कशी पाहू शकते, याचे हे टोकाचे उदाहरण म्हणावे लागेल. पुढे तमाशातील स्त्रीविषयी जे कायदे व जे वाद झाले, ते समजून घेताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

५

नागपूर-भंडाऱ्याच्या मुलखात तमाशाचा जो स्थानिक अवतार आहे त्यास ‘खडी गंमत’ म्हणतात. उभ्याने सादर होते म्हणून खडी. दिवाळीनंतर भाऊबीजेच्या सुमारास गावोगाव भरणाऱ्या ‘मंडई’त तिला मानाचे स्थान असते. स्त्रीची भूमिका येथे परंपरेने पुरुषच करतो. गण-गवळण आहे, लावणी आहे, सोंग आहे. पण या प्रकाराचा खरा जोर शाहिरांच्या झगड्यात आहे. कलगी आणि तुरा हे दोन पक्ष. एक शक्तीचा कैवार घेणारा, दुसरा शिवाचा. एका पक्षाने गाण्यातून कोडे घालावयाचे आणि दुसऱ्याने ते त्याच चालीत सोडवावयाचे. प्रकृती श्रेष्ठ की पुरुष श्रेष्ठ हा झगडा अध्यात्माचा असतो आणि त्याच वेळी स्त्रीपुरुषांच्या चावट थट्टेचाही असतो. ऐकणाऱ्याला दोन्ही अर्थ कळतात.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने खडी गंमत फार महत्त्वाची आहे, कारण येथे शृंगाराचा खेळ स्पर्धेच्या रूपाने उघड होतो. स्त्री रंगभूमीवर नाही, म्हणून ‘स्त्रीचे प्रदर्शन’ हा आक्षेप येथे लागू होत नाही. सलग कथेची गरज नाही, कारण कोण हरतो आणि कोण जिंकतो हीच उत्कंठा रात्र भरून काढते. कथेने जे काम ढोलकी-फडात केले, ते काम येथे स्पर्धा करते. यावरून असे दिसते की, जमाव धरून ठेवण्यासाठी उत्कंठा आवश्यक आहे. परंतु ती उत्कंठा कथेचीच असली पाहिजे असे नाही. डावाचीही उत्कंठा तेवढीच समर्थ असते.

६

कथेचा कैवार सर्वांत हिरिरीने घेतला तो सुधारकांनी. सत्यशोधक जलशांनी गण-गवळणीचा साचा ठेवून आशय बदलला. पुढे १९३० नंतरच्या काळात आंबेडकरी जलशांनी तोच मार्ग धरला. नाशिककडील भीमराव कर्डक यांचे नाव या संदर्भात प्रसिद्ध आहे. विदर्भात किसन फागूजी बनसोडे यांनी पद्यरचनेचा उपयोग समाजजागृतीसाठी केला. कामठीचे बाबू हरदास (१९०४–१९३९), ज्यांचे नाव ‘जय भीम’ या अभिवादनाशी जोडले जाते आणि जे १९३७ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून आले, त्यांनी विडी कामगारांची संघटना बांधली आणि ‘वीर बालक’ हे नाटक लिहून लोकांपुढे आणले. अण्णाभाऊ साठे यांनी अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक स्थापिले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’ या त्यांच्या रचनांतून गवळण वगळली गेली आणि वग हाच खेळाचा कणा झाला.

या सर्वांची भूमिका समजण्यासारखी आहे. तमाशातील कलावंत प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी या जातींचे होते. ज्या रंगभूमीवर त्यांच्या स्त्रियांची चेष्टा इतरांच्या करमणुकीसाठी होत आली, त्या रंगभूमीतून शृंगाराचा खेळ काढून टाकणे हा स्वाभिमानाचाच प्रश्न होता. कथा ही विचार वाहून नेऊ शकते; नाचाच्या मुरक्याने कामगाराच्या मजुरीचा प्रश्न मांडता येत नाही. म्हणून सुधारकांनी कथेला दिलेले प्राधान्य हेतुपूर्वक आणि न्याय्य होते.

तथापि त्याचा एक परिणाम लक्षात घेतला पाहिजे. शृंगार वगळल्यावर जे उरले त्यास पुढे ‘लोकनाट्य’ हे नाव मिळाले. लोकनाट्याला लेखक असतो, छापील संहिता असते, आणि प्रतिष्ठित प्रेक्षकवर्ग असतो. वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) हे त्याचे ठळक उदाहरण. हे मूळ ‘छपरी पलंगाचा वग’. पण या लोकनाट्याच्या यशाचे कारण सांगताना रसिक दादा कोंडके यांचे नाव घेतात, आणि त्यांची आठवण काढताना त्या त्या दिवसाच्या घटनांवर त्यांनी वेळेवर केलेल्या कोट्या सांगतात. संहिता एकच, बतावणी रोज नवी. म्हणजे कथेने जागा मिळवून दिली आणि खेळाने ती राखली.

७

आता सरकारची भूमिका पाहू. स्वातंत्र्याच्या लगतच्या वर्षांत, बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ असताना, मुंबई राज्यात अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. कलावंतांच्या पोटावर पाय आला, चळवळ झाली, महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली, आणि संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर तमाशा पुन्हा सुरू झाला. कामठी-नागपूर त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडात असल्याने मुंबई सरकारचा हा हुकूम तेथे चालत नव्हता. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मराठी लोकरंगभूमीचा इतिहास लिहिताना मुंबई राज्याचा अनुभव सर्व मराठी मुलखाला लावण्याची जी सवय आहे, ती म्हणूनच सावधपणे वापरावयास हवी.

संहिता तपासण्याची ही अट आमच्या प्रश्नाच्या मुळाशी जाते. तपासणाऱ्याच्या हाती काय येते? वग येतो, कारण तो लिहिता येतो. लावणीचे शब्द येतात. परंतु बतावणीतील वेळेवर सुचलेला शब्द येत नाही. डोळ्याची उचल येत नाही. ज्या विरामामुळे साध्या वाक्याला दुसरा अर्थ फुटतो तो विराम येत नाही. ज्याविषयी आक्षेप होता तो खेळ, आणि ज्याची तपासणी झाली ती कथा. शासनयंत्रणेला वाचता येते तेवढेच नियंत्रित करता येते.

कायद्यातही हीच दुफळी दिसते. भारतीय दंड संहितेच्या २९२ व्या कलमात अश्लील पुस्तकांचा विचार होता, २९४ व्या कलमात अश्लील कृत्ये व गाणी यांचा. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हेच विषय अनुक्रमे २९४ व २९६ या कलमांत आहेत. नाट्यप्रयोगांसाठी १८७६ चा वेगळा कायदा होता. तो आता रद्द झाला आहे. पुस्तकाच्या बाबतीत न्यायालये उदार होत गेली. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. तिच्यावरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये लेखकाच्या बाजूने निर्णय दिला, आणि तो देताना संपूर्ण कथेचा परिणाम विचारात घेतला. येथे कथा ही शृंगाराची ढाल ठरली.

जिच्यापाशी कथा नाही तिला मात्र ही ढाल मिळाली नाही. २००५ मध्ये महाराष्ट्राने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून डान्सबारमधील नृत्यावर बंदी घातली. त्याच दुरुस्तीत नाट्यगृहे, तसेच तीन व त्याहून अधिक तारांची हॉटेले यांना सूट होती. तेच नृत्य एका चौकटीत गुन्हा, दुसऱ्या चौकटीत कला. मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरविली आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निर्णय कायम केला. परंतु मधल्या वर्षांत हजारो स्त्रियांचा रोजगार बुडाला होता.

यामुळेच कथा आणि खेळ यांचा वाद हा प्रतिष्ठेच्या वाटपाचा वाद बनतो. कथा लेखकाच्या नावावर जमा होते. खेळ कलावंताच्या देहाबरोबर संपतो. शैलजा पाईक यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दलित तमाशा-कलावतींच्या जीवनाचा अभ्यास करून ‘अश्लील’, ‘अस्सल’ आणि ‘माणुसकी’ या शब्दांभोवती जातीचे राजकारण कसे फिरते हे दाखविले आहे. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या ‘मिठाराणी’ या वगाचे कर्तृत्व निःसंशय त्यांचे. पण तो फड ज्या पवळाबाईंच्या नाचगाण्याने उभा राहिला, त्यांचे कर्तृत्व आपल्याजवळ आठवणींच्या रूपानेच उरले आहे. विठाबाई नारायणगावकर खेळ चालू असता प्रसूत झाल्या आणि पुन्हा रंगभूमीवर आल्या, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, तरी उत्तरायुष्य हलाखीतच गेले. खेळाला दुय्यम मानण्याची किंमत कोणी दिली, हे या उदाहरणांवरून कळते.

८

संगणकावरील प्रौढांच्या खेळांकडे या दृष्टीने पाहिल्यास तेथेही परिचित चित्र दिसते. १९८१ मध्ये अमेरिकेत ‘सॉफ्टपॉर्न ॲडव्हेंचर’ हा केवळ मजकुराचा खेळ विक्रीस आला. त्यात कोडी होती, पण लक्षात राहील असा नायक नव्हता. १९८७ मध्ये अल लो यांनी त्याच सांगाड्यावर ‘लेजर सूट लॅरी’ रचला आणि त्यास एक फजीत होणारा, हास्यास्पद नायक दिला. कोडी बहुतांशी तीच राहिली. नायकाभोवती विनोद आला आणि त्याच्या नावाने पुढे खेळांची मालिकाच निघाली. हा सोंगाड्याचाच अवतार म्हणावयास हरकत नाही. जपानात १९९९ मध्ये ‘कानोन’ हा प्रौढांसाठी असलेला खेळ निघाला; पुढील वर्षी त्यातील शृंगारिक भाग वगळून तो सर्वांसाठी प्रसिद्ध झाला आणि लोकप्रियही झाला. हे लोकनाट्याच्या जन्मासारखेच झाले. जेथे कथा समर्थ असते तेथे शृंगार वगळूनही कृती उभी राहते. मात्र ती मूळचीच कृती राहते काय, हा प्रश्न उरतो.

१९९७ मध्ये जॅनेट मरे व एस्पेन आर्सेथ यांचे ग्रंथ आले, आणि पुढील काही वर्षांत खेळ ही कथेची एक जात मानावी की स्वतंत्र नियमबद्ध व्यवहार मानावा, यावर पाश्चात्त्य अभ्यासकांत मोठा वाद झाला. मराठी अभ्यासकाला त्या वादात नवखेपणा वाटण्याचे कारण नाही. वग आणि बतावणी यांच्या नात्याचा विचार आपण केला, तर त्या वादातील दोन्ही बाजू आपल्याच फडावर उभ्या आहेत असे दिसेल.

९

एवढ्या विवेचनावरून निष्कर्ष असे निघतात. पहिला असा की, शृंगारप्रधान करमणुकीत प्रेक्षकाला आणतो तो खेळ; त्याला किती वेळ धरून ठेवावयाचे हे मोबदल्याच्या पद्धतीवरून ठरते, आणि त्या कामी कथा किंवा स्पर्धा यांचा उपयोग होतो. संगीत बारी, ढोलकी-फड व खडी गंमत हे तीन प्रकार एकमेकांशेजारी ठेवले असता हे स्पष्ट होते. दुसरा असा की, कृतीला काळाच्या व माध्यमाच्या पलीकडे नेण्याचे सामर्थ्य कथेत अधिक आहे. वग छापला जातो, त्याचे नाटक होते, चित्रपट होतो. अदा मात्र त्या रात्रीपुरती असते. तिसरा असा की, कायदा आणि टीका यांनी कथेला दिलेले झुकते माप हे कलेच्या विचाराइतकेच सोयीच्या विचारातून आलेले आहे. कथा वाचता येते, म्हणून तिचे मूल्यमापन होते.

हा शेवटचा निष्कर्ष इतिहासाच्या अभ्यासकाला विशेष लागू आहे. आपली साधने कागदाची आहेत, आणि कागद कथेचा पक्षपाती असतो. छापील वगांच्या संहितांवरून तमाशाचा इतिहास लिहिला, तर तो लेखकांचा इतिहास होईल, कलावंतांचा होणार नाही. कामठी, रामटेक, मौदा या भागात मंडईच्या दिवसांत खडी गंमत करणारे जुने शाहीर आणि नाच्याची भूमिका केलेले वृद्ध कलावंत यांची तोंडी साक्ष पद्धतशीरपणे नोंदवून घेणे, सवाल-जवाबांचे ध्वनिमुद्रण जागेवरच करणे, आणि सुपारीचे व्यवहार व वर्गणीचे हिशेब मिळतील तेथून जमविणे, हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्यासारखे आहे. कथा जपण्यास ग्रंथालये आहेत. खेळ जपण्याची जबाबदारी जिवंत माणसांच्या स्मृतीवर आहे, आणि ती माणसे दर वर्षी कमी होत आहेत.